‘पप्पा, इथं आता किती?’ : महामार्गावर वेगमर्यादा ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर वेगमर्यादा ठरवणारे, तिचे फलक उभे करणारे आणि त्या फलकांच्या आधारे दंड आकारणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

मी साताऱ्यात राहतो. ठिबक सिंचनाचं साहित्य पुरवण्याचा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे आठवड्यातले चार दिवस तरी माझी मोटार महामार्गावर असते. एक दिवस शिरवळ-खंडाळा, एक दिवस उंब्रज, एक दिवस कराडच्या पलीकडे. नीरा नदीचा पूल ओलांडला की आपला जिल्हा सुरू होतो आणि मालखेडच्या पुढे संपतो. बावीस वर्षं हा रस्ता मी चालवतोय. दुपदरी होता तेव्हाचा पाहिलाय, चौपदरी झाला तेव्हाचा पाहिलाय, आता सहापदरीकरणाची खोदाई पाहतोय. पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, कुठल्या फाट्यावर दुचाकी अचानक आडवी येते, संध्याकाळी कुठे ऊन थेट डोळ्यांवर येतं, हे मला पाठ आहे. एवढं असूनही एक साधी गोष्ट मला छातीठोकपणे सांगता येत नाही. कुठल्या टप्प्यात किती वेगानं जायचं, ही.

हे माझं अज्ञान माझ्या मुलीमुळे माझ्यासमोर आलं. तिला शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि तिनं परवाना काढला. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेसाठी तिनं सगळी चिन्हं अगदी शाळेच्या अभ्यासासारखी पाठ केली होती. तांबड्या कडेच्या गोलात आकडा असला की ती वेगमर्यादा, ती पाळणं बंधनकारक. पांढऱ्या गोलावर तिरपा काळा पट्टा असला की आधीचा निर्बंध तिथं संपला. तांबडा त्रिकोण म्हणजे सावधानतेचा इशारा. पक्का परवाना हातात आला त्या रविवारी सकाळी मी तिला शेजारी बसून महामार्गावर घेऊन गेलो. वाढे फाट्यावरून लागलो, कराडकडे निघालो.

शेंद्रे ओलांडेपर्यंत ती ८० च्या काट्यावर होती, कारण तिला ८० चा फलक दिसला होता. पुढे काम संपलेल्या एका पुलाजवळ ४० चा फलक आला. तिनं इमानदारीनं वेग ४० वर आणला. मागच्या ट्रकनं जो हॉर्न धरला तो सोडलाच नाही. तिनं विचारलं, “पप्पा, इथं आता किती?” मी म्हणालो, काम झालंय, तो फलक जुना आहे, चल. पुढे नागठाणे गेलं, अतीत गेलं, फलकच नाही. “आता ८० धरू का १००?” काशीळच्या पुढे एक फलक आला, त्याचा अर्धा आकडा दुभाजकातल्या बोगनवेलीनं झाकलेला. शेवटचा आकडा शून्य, एवढंच कळत होतं. उंब्रज येईपर्यंत तिनं तोच प्रश्न पाच वेळा विचारला आणि पाचव्यांदा मी तिला म्हणालो, “फलक बघू नकोस, बाकीच्या गाड्या जातात त्या वेगानं चाल.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. पहिल्याच दिवशी मी माझ्या मुलीला काय शिकवलं? आणि दुसरं काय शिकवायला हवं होतं, हे मला आजही कळत नाही. म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. सगळीकडे एकच वेगमर्यादा ठेवा, अशी माझी मागणी नाही. वेगमर्यादा जागेप्रमाणे वेगळी असायलाच हवी. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं कमाल मर्यादा ठरवल्या, त्यातच हा फरक आहे. द्रुतगती मार्गावर मोटारीला १२०. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १००, बसला ९०, मालट्रकला आणि मोटारसायकलला ८०, रिक्षाला ५०. नगरपालिकेच्या हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीला ७०, ट्रकला ६०. हे कमाल आकडे झाले. त्याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नं राज्याला दिलाय, आणि तो योग्यच आहे. शिरवळजवळचा सरळ रस्ता आणि खंबाटकीचा उतार यांना एकच माप कसं लावणार?

यामागचं गणित अवघड नाही. रस्ते बांधणारे अभियंते अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत किती अंतर लागेल ते धरूनच रस्ता आखतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत ते अंतर ४० च्या वेगाला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर धरलंय. वेग अडीचपट झाला की अंतर चौपट. मग जिथं वळणामुळे, चढामुळे किंवा पुलाच्या कठड्यामुळे पुढचं शंभर मीटरच दिसतं, तिथं ८० सुद्धा जास्तच. हे एकदा चालकाला पटलं की तो स्वतःहून पाय काढतो. माझ्या मुलीला मी घरी कागदावर ही आकडेवारी दाखवली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “मग हे फलकाखाली का लिहीत नाहीत?” आकडेवारी नको, पण ‘पुढे तीव्र वळण’, ‘पुढे शाळा’, ‘पुढे ऊस वाहतूक’ एवढे दोन शब्द तरी लिहायला काय हरकत आहे?

जगात सगळीकडेच जागेप्रमाणे मर्यादा बदलते. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. दिवाळीत आला होता, तेव्हा हा विषय निघाला. तिकडे १९७४ मध्ये, तेलटंचाईच्या काळात, सगळ्या देशाला ताशी ५५ मैलांची एकच मर्यादा घातली होती. १९९५ मध्ये ती उठवली आणि आपापली मर्यादा ठरवण्याचं काम पुन्हा राज्यांकडे गेलं. आज टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळच्या एका टोल रस्त्यावर ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर चालतं आणि हवाई बेटांवर कुठेही ६० मैलांच्या पुढे जाता येत नाही. एकाच देशात एवढी तफावत. मी त्याला विचारलं, मग गोंधळ होत नाही का? तो म्हणाला, मामा, राज्याची सीमा ओलांडली की आकडा समोर येतो, आणि महामार्गावरून खाली उतरलं की परत येतो. विचार करावाच लागत नाही.

फ्रान्सचा नियम मला त्याहून आवडला. तिथं मोटरवेवर १३०, पण पाऊस पडत असला की ११०. नवा परवाना असलेल्यांना कोरड्या रस्त्यावरसुद्धा ११०. पाऊस आला म्हणून कुणी फलक बदलायला जात नाही. काचेवर थेंब पडले की मर्यादा खाली आली, हे प्रत्येकाला माहीत असतं. आपल्या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर खंबाटकीपासून कराडपर्यंत रस्ता ओला असतो. चार महिने. आपल्याकडे मात्र फलकावरचा आकडा मे महिन्यात आणि जुलै महिन्यात तोच.

पाऊस निघालाच आहे, तर उसाचंही बोलतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळप हंगाम. शेंद्र्यापासून रेठऱ्यापर्यंत कारखाने सुरू झाले की रस्ता वेगळाच होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. ट्रॅक्टर जेमतेम २० नं चाललेला असतो. रात्री माझी मोटार ९० नं गेली, तर आमच्यातलं शंभर मीटरचं अंतर पाच सेकंदांत संपतं. पाच सेकंदांत आधी ते काय आहे हे ओळखायचं, मग आरशात बघायचं, मग ब्रेक लावायचा. मी शेतकऱ्यांमध्ये वावरणारा माणूस आहे, माझं पोट त्यांच्यावर चालतं. ऊस वेळेत गेला पाहिजे हे मला कळतं. पण त्या पाच महिन्यांत, सूर्यास्तानंतर, ठरावीक टप्प्यात मर्यादा ७० वर आणा. घडी घालता येणारे हंगामी फलक लावा, हंगाम संपला की काढा. पौषात मांढरदेवीची यात्रा असते, पालीच्या खंडोबाची यात्रा असते. तेव्हा सुरूरला आणि उंब्रजला माणसांची रीघ लागते. त्या दिवसांसाठीही हेच.

आता माझा स्वतःचा अनुभव. गेल्या वर्षी मोबाइलवर दंडाचा संदेश आला. वेग ९१, मर्यादा ८०, सोबत गाडीचा फोटो. माझ्या समजुतीनं त्या टप्प्यात मोटारीला १०० होतं. दंड कुणी केला, फलक कुणी लावला, त्यांची नावं इथं लिहीत नाही. एकावर बोट ठेवून प्रश्न सुटणार नाही. दुसऱ्या दिवशी मी मोटार सेवा रस्त्यावर लावली आणि पायी निघालो. मला तो ८० चा फलक बघायचा होता. सुमारे तीनशे पावलं चालल्यावर तो सापडला. खांब दुभाजकात होता, कण्हेर आणि बोगनवेल त्याच्या डोक्यावरून गेली होती. फांदी बाजूला केली तेव्हा आकडा दिसला. त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कागद चिकटवलेला होता, पावसानं निम्मा गळालेला. त्याच्या थोडं अलीकडे कडेच्या गटारात दुसरा फलक उताणा पडला होता. त्यावर आकडा ३०. शेजारी फाटलेली वाळूची पोती. कधी काळी तिथं काम चालू होतं, काम करणारे गेले आणि फलक टाकून गेले. म्हणजे त्या तीनशे पावलांत माझ्यासाठी तीन मर्यादा होत्या. एक अधिसूचनेतली, एक झुडपातली आणि एक गटारातली.

दंड मी भरला. आकडा ९१ खराच होता. पण नंतर मी कायदा वाचला. कलम ११२ च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट म्हटलंय की कमी मर्यादा घालायची तर राजपत्रात अधिसूचना काढायची आणि योग्य ठिकाणी वाहतूक चिन्हं उभी करायची. दोन्ही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्यानं दंड होणार असेल, तर त्या टप्प्याच्या आधी चालकाला ठळक दिसेल अशी सूचना लावायला हवी, असं तो नियम सांगतो. यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करून घ्यायचं, हेही त्यातच आहे. कायदा करणाऱ्यांना नीट माहीत होतं की न दिसणारी मर्यादा ही मर्यादाच नसते. हलक्या वाहनाला वेगासाठी एक ते दोन हजार, अवजड वाहनाला दोन ते चार हजार दंड, आणि दुसऱ्यांदा सापडला तर परवानाच जप्त. एवढी कडक शिक्षा ठेवायची, तर खांबाभोवतीची फांदी छाटण्याची जबाबदारीही कुणाच्या तरी नावावर असली पाहिजे.

अजून एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नगरपालिकेची हद्द लागली की मोटारीची कमाल मर्यादा १०० वरून ७० होते. पण कराडला येताना मलकापूर नगरपरिषदेची हद्द नक्की कुठल्या दगडापासून सुरू होते, हे गाडीतून कसं कळावं? २०२० मध्ये सातारा शहराची हद्दवाढ झाली. नकाशावर रेघ सरकली, माझ्या गाडीच्या काचेतून दिसणारा रस्ता कालच्यासारखाच राहिला. ज्या रेषेवर कायदा तीस किलोमीटरनं बदलतो, ती रेषा रस्त्यावर दिसायला नको का?

आणि आता खंबाटकी. या पत्रात मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हेच.

साताऱ्याकडून पुण्याला जाताना आपण बोगद्यातून बाहेर पडतो. अंधारातून एकदम उजेड, डोळे सरावायला दोन क्षण लागतात, आणि रस्ता लगेच उतरायला लागतो. उतारावर गाडी आपोआप धावते. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले गिअर काढून सोडून देतात. मग ते वळण येतं, ज्याला आपण सगळे ‘एस’ वळण म्हणतो. आधी एका बाजूला, लगेच दुसऱ्या बाजूला. पहिल्या वळणात गाडी सावरली असं वाटतं तोवर दुसरं येतं, आणि मागचा भार उलट्या बाजूला झुकतो. एप्रिल २०१८ मध्ये, त्या केंद्राच्या अधिसूचनेला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा कर्नाटकातून कामासाठी निघालेल्या मजुरांचा टेम्पो पहाटे तिथं उलटला. अठरा माणसं गेली. शिरवळकडे निघाली होती ती. तिथं आज माझी मुलगी कामाला जाते.

त्या वळणाच्या आधीचा कमी वेगाचा फलक हा या सबंध महामार्गावरचा सगळ्यात खरा फलक आहे. पण त्याच्यावर विश्वास ठेवणार कोण? कराडपासून बोगद्यापर्यंत येताना चालकानं काम संपलेल्या जागेचे ४० पाहिलेले असतात, अर्धे आकडे पाहिलेले असतात, कारण नसलेले ३० पाहिलेले असतात. ते त्यानं मोडलेले असतात आणि काहीही झालेलं नसतं. साताऱ्यातून बोगद्यापर्यंत येईस्तोवर त्याची खात्री झालेली असते की हे आकडे कुणीतरी उगाच लावून ठेवलेत. त्याच सवयीनं तो इथला आकडाही मोडतो. मी स्वतः तिथं फलकाप्रमाणे चाललोय. मागून ट्रकनं लाइट मारले, हॉर्न दिला, त्याचं तोंड माझ्या मागच्या काचेत भरून आलं. मला भीतीनं वेग वाढवावा लागला. नियम पाळणाऱ्याला नियम मोडणाऱ्यापेक्षा जास्त धोका, अशी अवस्था त्या उतारावर आहे. नवे जुळे बोगदे आणि त्यांचा रस्ता या वळणावरचा ताण घेतीलही, पण महामार्गावरचं हे काही एकच अवघड वळण नाही. खोट्या फलकांनी खऱ्या फलकाची पत घालवली, तर ती नव्या रस्त्यावरही परत मिळणार नाही.

महामार्गालगतच्या गावांबद्दलही बोललं पाहिजे. नागठाणे, अतीत, काशीळ इथं शाळकरी मुलं, दुधाच्या किटल्या घेतलेली माणसं, शेतावर जाणाऱ्या बायका रस्ता ओलांडतात. तिथले लोक ४० मागतात, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पण ९० वरून एकदम ४० कुणीच येत नाही. आधी ८०, मग ६०, मग ४० असे टप्प्याटप्प्यानं फलक हवेत, त्यासोबत रम्बलर पट्ट्या आणि रात्री उजेड हवा. गाव संपलं की तिरप्या काळ्या पट्ट्याचा तो फलक हवा. माझ्या मुलीनं परीक्षेत तो ओळखला, गुण मिळवले, आणि गेल्या तीन महिन्यांत या रस्त्यावर तिला तो एकदाही दिसलेला नाही. मर्यादा सुरू झाल्याचं सांगायचं आणि संपल्याचं सांगायचं नाही, याचा परिणाम एकच होतो. चालक ती स्वतःच्या मनानं संपवतो.

माझी विनंती एवढी आहे. या जिल्ह्यातल्या महामार्गाच्या प्रत्येक टप्प्याची मर्यादा, कुठल्या किलोमीटर दगडापासून कुठल्या दगडापर्यंत, कुठल्या वाहनाला किती, कुठल्या तारखेच्या अधिसूचनेनं आणि कशासाठी, हे एका कागदावर मराठीत प्रसिद्ध करा. टोल नाक्यावर लावा, तहसील कचेरीत लावा. प्रत्येक खांबाच्या मागच्या बाजूला तो कुणी आणि कधी उभा केला हे रंगवा, म्हणजे पडला तर कुणाला कळवायचं ते समजेल. काम संपल्यावर फलक नेला नाही तर ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबवा. आणि जिथं फलक दिसत नाही, तिथला दंड तो दिसेपर्यंत थांबवा.

कार्यालयात बसून हे तपासता येणार नाही. म्हणून आपल्यापैकी कुणीही एका रविवारी माझ्यासोबत यावं. सकाळी सातला नीरेच्या पुलावरून निघू आणि मालखेडपर्यंत जाऊन परत येऊ. गाडी माझी मुलगी चालवेल. आपण तिच्या शेजारी वही घेऊन बसा. ती विचारेल तेव्हा आकडा आपण सांगा.

आपला,
एक वाहनचालक
सातारा